बाबागाडी कोणती घेऊ? (डिसेंबरात नाशिकला पण न्यायचीये)

प्रेषक: रेडिंगचा होऊ घातलेला बाबा, मूळ पंचवटी
१२ जुलै

नमस्कार मंडळी,

इंग्लंडातल्या आपल्या नाशिककरांच्या या मेल-यादीवर दोन वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या. सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे बाळ येतंय आणि सध्या घरात एकच विषय, बाबागाडी. गेल्या शनिवारी दोघं दुकानात गेलो, म्हटलं अर्ध्या तासात आटपू, तर अडीच तासांनी डोकं धरून बाहेर आलो. प्रॅम वेगळी, पुशचेअर वेगळी, बग्गी वेगळी, आणि ट्रॅव्हल सिस्टिम म्हणजे या सगळ्यांचं मनमाड जंक्शन. तिथल्या मुलाने एक गाडी इतक्या कौतुकाने दाखवली, सस्पेन्शन काय, लेदरचं हँडल काय, मी आपलं हळूच लेबल उलटून बघितलं तर ९०० पौंड. माझी पहिली गाडी, म्हणजे खरी, इंजिनवाली, मी ७०० ला घेतली होती हो.

आमची परिस्थिती सांगतो. दुसरा मजला, लिफ्ट नाही. बायकोचं येणंजाणं बसने. कार आहे पण छोटी. आणि मुख्य म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत नाशिकला जायचंय, तेव्हा बाळ जेमतेम तीन महिन्यांचं असेल. आईबाबा पंचवटीत, जुनी बिल्डिंग, तीही दुसराच मजला, नशीबच तसं. सासर इंदिरानगरला. बजेट ४००, अगदीच ओढून ताणून ५००.

एकच गाडी दोन्हीकडे चालेल का, की इथे एक आणि तिथे एक? बाबा फोनवर म्हणाले, "इथे कशाला गाडी, आम्ही काय मेलोय का उचलायला?" आई म्हणाली गाडी आण पण लाल आण.

---

प्रेषक: आर्याची आई, मूळ कॉलेज रोड
१२ जुलै, रात्री

अरे वा, अभिनंदन! बायकोला सांग पाय वर करून बस आणि दुकानात परत जाऊ नको.

आता ऐक, मी दोन पोरांमागे तीन गाड्या घेतल्यात, त्यातली पहिली पूर्ण चुकलेली, म्हणून हक्काने सांगते. नवीन बाळाला गाडीत बसवायचं नसतं, झोपवायचं असतं. पाठ सपाट. साधारण सहा महिन्यांपर्यंत, म्हणजे स्वतःचं स्वतः बसायला लागेपर्यंत. त्यामुळे कॅरीकॉट (बाळाला आडवं झोपवायची सपाट पेटी) तरी हवा नाहीतर सीट पूर्ण मागे जाऊन सपाट झाली पाहिजे. नुसतं 'रिक्लाइन होते' असं लिहिलेलं असतं त्याला भुलू नको, 'जन्मापासून' असं स्पष्ट लिहिलंय का ते बघ, आणि पाच जागी अडकणारा पट्टा, आणि ईएन १८८८ (बाबागाड्यांचं युरोपीय सुरक्षा मानक) असं लेबल.

दुसरं, ट्रॅव्हल सिस्टिमची गंमत अशी की कारसीट काढून चाकांवर टक् करून बसवता येते, झोपलेलं बाळ उठत नाही, जगात यापेक्षा मोठं सुख नाही असं वाटतं. आम्ही तेच करायचो, कार, मॉल, परत कार, आर्या आपली चार चार तास त्या वाटीत मुटकुळं करून. हेल्थ व्हिजिटरने (लहान बाळांना बघायला येणारी सरकारी नर्स) बघितलं आणि सरळ झापलं मला. कारसीटमध्ये सलग दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, अगदी नवजात असेल तर त्याहून खूपच कमी, मान पुढे पडून श्वासाला अडचण होते. तेव्हा ती सोय दहा मिनिटं दुकानात जाऊन येण्यापुरती.

बसचं म्हणशील तर ती मोकळी जागा मुळात व्हीलचेअरची आहे, आपली नाही. २०१७ ला इथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं हे प्रकरण, ड्रायव्हरने बग्गीवाल्यांना जागा सोडायला नीट आग्रहाने सांगायला पाहिजे असा निकाल आहे. आणि सोडायलाच हवी ना. म्हणजे काय, तर भर पावसात, एका हातात बाळ, खांद्यावर नॅपीबॅग, आणि दुसऱ्या हाताने तुला ती घडी घालता आली पाहिजे. दुकानात पोराने घालून दाखवली ती घडी धरायची नाही, ती त्याची नोकरी आहे. तू घाल. मग बायकोला घालू दे. आणि डिकीचं माप टेपने घेऊन जा, आमच्या पहिल्या गाडीचं मागचं चाक दर वेळी काढावं लागायचं, चिखलाचं चाक मांडीवर घेऊन बसायचा नवरा.

हँडलला पिशव्या अडकवू नको. मी अडकवल्या, चार लिटर दूध, तूरडाळ, कांदे. आर्याला उचलून घेतलं आणि गाडी धाडकन मागे. नशीब आधी उचलली होती. फुटपाथभर तूरडाळ.

जुनी गाडी बिनधास्त घे, ब्रेक आणि पट्टे तपासून. कारसीट मात्र ओळखीपाळखीशिवाय जुनी घ्यायची नाही, कुठे आपटलेली असेल ते दिसत नाही.

---

प्रेषक: मँचेस्टर, मूळ सिडको
१३ जुलै

माझं अल्पमत. गाडीच घेऊ नको. रॅप घे, म्हणजे बाळ अंगाला बांधायचं लांब कापड, ४० पौंडात काम. आपल्याकडे बायका पाठीला पोर बांधून भाताची लावणी करतात त्यांना कुणी ट्रॅव्हल सिस्टिम दिली होती? आमचं पोर सहा महिने माझ्या छातीला बांधलेलं होतं, मी झूम मीटिंगमध्ये सुद्धा, मॅनेजरला फक्त टाळू दिसायची.

फक्त बांधायचं नीट शिकून घ्या. बाळाचा चेहरा वरून दिसला पाहिजे, कापडात बुडालेला नको, पापा घेता येईल इतकं डोकं वर हवं, आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं जावीत एवढी जागा. बाकी दुसरा मजला असो की विसावा, हात मोकळे.

---

प्रेषक: आर्याची आई
१३ जुलै

हो, आणि सिझेरियन झालं तर? की बांधणार तूच चोवीस तास? दोन्ही लागतं रे.

---

प्रेषक: लेस्टर, मूळ गंगापूर रोड
१४ जुलै

मंडळी मला यावर बोलायलाच पाहिजे कारण आम्ही मागच्या हिवाळ्यात हाच पराक्रम करून आलोय, तीनचाकी, हवेच्या टायरची, १३ किलोची गाडी घेऊन नाशिकला.

आधी विमान. गाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे टॅग लावून घेतात, ते छान. पण मुंबईला उतरल्यावर ती दारात मिळेल असं धरून चालू नका. आम्हाला मिळाली नाही, बेल्टवर आली, सगळ्यात शेवटी, आणि इमिग्रेशनची रांग पहाटे तीन वाजता कडेवर काढली. म्हणून सिडकोकरांचा रॅप खांद्याच्या बॅगेत पाहिजेच, तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर. केबिनमध्ये वर मावणाऱ्या छोट्या घडीच्या गाड्याही मिळतात आता, सहा-सात किलोच्या, पण वर ठेवू देतील का ते आपल्या एअरलाइनला आधी लेखी विचारून ठेवा.

मग टॅक्सी. कारसीट नेली होती, आणि मुंबईत टॅक्सीत मागच्या सीटला बेल्टच सापडेना! होता हो, पण नवंकोरं सीटकव्हर चढवलेलं आणि बक्कल त्याच्या खाली गाडलेलं. ड्रायव्हरदादा म्हणाले, "साहेब, मागे कोण लावतंय." अर्धा तास पार्किंगमध्ये कव्हर उसवत बसलो. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये दंड आहे भारतात, पण दंडाचं सोडा, घाट आहे मध्ये. गाडी बुक करतानाच सांगा, मागचे बेल्ट वर काढून ठेवा. आणि कारसीट नुसत्या बेल्टने बसणारी न्या, आयसोफिक्सच्या (गाडीच्या सीटमधल्या कड्यांत अडकवायची सोय) भरवशावर राहू नका.

आता नाशिक. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी सात वाजता ती गाडी म्हणजे काय सांगू, लोण्यासारखी. डिसेंबरची थंडी, बाळ कुंची घालून गाढ, आणि चालणारे सगळे आजोबा थांबून थांबून गाडी बघणार, बाळ नाही, गाडी. एकाने ॲव्हरेज विचारलं.

चौथ्या दिवशी मागचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मला घामच फुटला, म्हटलं आता हा पार्ट कुठून मागवायचा. सासरे म्हणाले चला, आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घेऊन गेले. त्याने चाक काढलं, ट्यूब बाहेर ओढली, पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे बघितले, काडीने खूण केली, कानशीने घासून सोल्यूशन लावलं, ठिगळ चिकटवून वर हातोडीने दोन ठोके. सगळं बिडी विझायच्या आत. मग टायरची कड माझ्यासमोर धरली, त्यावर साडेबारा बाय सव्वादोन असं कोरलेलं, म्हणाला, "पोरांच्या छोट्या सायकलची ट्यूब आहे ही, आपल्याकडे पडलेल्या असतात, दोन घेऊन जा तिकडे." घेतल्या. अजून लेस्टरच्या शेडमध्ये आहेत.

पण मेन रोडला हीच गाडी नेली आणि रडकुंडीला आलो. फुटपाथ असलाच तर त्यावर आधी मोटारसायकली, मग कपड्यांचे स्टॉल, मग एक रोहित्र, आणि उतरायला एक फुटाची पायरी. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेले ते वेगळंच. रविवार कारंजापासून सराफ बाजारापर्यंत मी गाडी ढकलली कमी आणि उचलली जास्त. शेवटी बायकोने बाळ घेतलं आणि मी ती १३ किलोची रिकामी गाडी डोक्यावर घेऊन चाललो, माझ्या शाळेतल्या एका मित्राने हे सगळं व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकलं.

तर माझा सल्ला, पंचवटीत राहणार असशील तर जड गाडी अजिबात नको. नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नाशिक असं आपल्याला शाळेत सांगायचे ना, ते गाडी ढकलताना पटतं.

---

प्रेषक: ओझरवाले काका
१५ जुलै

सर्वांस नमस्कार.

मी तुमच्या मंडळाचा सभासद नाही. मुलगी तिकडे असते, तिने मागे गणपतीच्या वेळी माझं नाव यादीत घातलं ते तसंच राहिलंय. मी वाचतो सगळं. आज न राहवून लिहितो.

मी एचएएलला, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात, चौतीस वर्षं काढली, मिग आणि सुखोई. त्यामुळे घडी होणाऱ्या यंत्राबद्दल मला थोडं बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो. आजच्या हलक्या गाड्यांचं मूळ ज्या गाडीत आहे, म्हणजे छत्रीसारखी मिटणारी, ती १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंजिनिअरने काढली. हा गृहस्थ विमानातला माणूस, स्पिटफायरच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला. उडाल्यावर चाकं पंखांत घ्यायची, उतरताना बाहेर काढून लॉक करायची, हेच डोकं त्याने बाबागाडीला लावलं. ॲल्युमिनियमचे पाइप, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. आणि कारण काय, तर लेक परदेशातून नातवंड घेऊन आली, अवजड गाडीने बेजार झालेली. म्हणजे आमच्यासारखाच बाप.

आमची मुलगी आली तेव्हा तिची गाडी मी पहिल्यांदा मिटायला घेतली. हँडलवरचं बटण दाबायचं, ते दाबून धरून सीट पुढे पाडायची, मग पायाने खालचा दांडा उचलायचा. तीन क्रिया, क्रम चुकला की अडकते. मला पंधरा मिनिटं लागली आणि डाव्या हाताची करंगळी सापडली बिजागरीत. सौ. म्हणाली, "विमानं कशी उडवलीत हो तुम्ही?" मी म्हटलं विमानाला मॅन्युअल असतं. पण बिजागरीला हसू नका. २००९ साली अमेरिकेत याच कारणापायी सुमारे दहा लाख गाड्यांचं रिकॉल जाहीर झालं होतं, पोरांची बोटं जायबंदी झाली होती, मग बिजागरीवर घालायला कव्हरं वाटली. गाडी उघडताना-मिटताना बाळ आणि मोठं भावंड दोन हात लांब, आणि उघडल्यावर लॉक बसल्याचा खट् आवाज ऐकल्याशिवाय बाळ ठेवायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे, बाळा. तू म्हणतोस कोणती घेऊ. मी विचारतो, घडी कोण घालणार? तू नाशिकला आलास की पहिला आठवडा तू घालशील, मग तुझं ऑफिसचं काम सुरू होईल लॅपटॉपवर, आणि बाळाला खाली फिरवायला नेणार तुझे वडील. त्यांचे गुडघे कसे आहेत? बोटांना सूज असते का सकाळी? चष्म्याशिवाय ते बारीक बटण दिसतं का? गाडी त्यांच्या हाताला बसली पाहिजे, तुझ्या नाही. रंग लाल घे, तिथे आईचं ऐक.

आणखी एक. आमच्या वॅगनआरला मागे सीएनजीची टाकी आहे. डिकीत भाजीची एक पिशवी मावते. मुलीची गाडी महिनाभर पुढच्या सीटवर बेल्ट लावून फिरली आणि सौ. मागे अंग चोरून. तुझ्या वडिलांच्या गाडीला टाकी आहे का, विचारून ठेव.

उन्हाचं सौ. सांगते आहे ते लिहितो. दुपारी ऊन लागतं म्हणून गाडीच्या टपावरून दुपटं टाकून झाकू नये, आत हवा कोंडते आणि भट्टी होते, बाळ घामाने निथळलेलं असतं आणि आपल्याला दिसत नाही. टप पुढे ओढावा, नाहीतर दुपारी जाऊच नये. मच्छरदाणी मात्र हवी. ती जाळीची, हवा जाते.

आणि कुणी 'ॲक्टिव्हावर एक चक्कर मारून आणतो' म्हणालं तर हात जोडावेत. नऊ महिने ते चार वर्षं या वयाला हेल्मेट, पट्टा आणि ताशी ४० चा वेग असा नियम आहे आता, म्हणजे तीन महिन्यांच्या बाळाला तर हेल्मेटसुद्धा नाही.

---

प्रेषक: यादीचा कारभारी
१५ जुलै

काका, तुम्हाला यादीतून काढायचं माझ्याकडे दोन वर्षांपासून पेंडिंग होतं, ते मी आता रद्द करतोय.

बाकीच्यांना सूचना, या धाग्यात बाबागाडीच. नाशिकची कुठली मिसळ चांगली याच्या अकरा मेल मी अडवून ठेवल्यात. आणि गणपतीची वर्गणी अजून चाळीस घरांची यायचीये.

---

प्रेषक: रेडिंगचा बाबा, मुक्काम पंचवटी
१९ जानेवारी

नमस्कार मंडळी,

सगळ्यांना मेल करायचं राहूनच गेलं, मुलगी झाली, आता साडेतीन महिन्यांची आहे, बारसं नाशिकला आल्यावर इथेच केलं.

गाडीचं सांगतो. काकांची मेल आल्यावर मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि म्हटलं बोटं दाखवा. ते घाबरले, त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय. उजव्या हाताचा अंगठा नीट दाबला जात नाही हे मला तेव्हा कळलं, चार वर्षं झाली म्हणे, "त्यात काय सांगायचं". मग ज्या ज्या गाडीला अंगठ्याने बटण दाबायचं होतं त्या सगळ्या बाद. ९०० वाली पण बाद, फार बरं वाटलं. शेवटी स्विंडनच्या एका बाईकडून वापरलेली मिळाली, १६० पौंड, सात किलो, पाठ पूर्ण सपाट होते, सीटच्या मधला पट्टा वर ओढला की आपोआप मिटते आणि उभी राहते. ओढायला चार बोटं पुरतात. लाल नाही मिळाली, करडी आहे, आईने हँडलला लाल रिबीन बांधलीये आणि खाली काळा दोरा.

लेस्टरकर, मुंबईला आमची पण बेल्टवरच आली. रॅप होता म्हणून निभावलं. टॅक्सीचे बेल्ट आधी सांगून काढून ठेवले होते, त्याबद्दल तुम्हाला एक मिसळ लागू.

चाकं छोटी आहेत, त्याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाताना पेव्हर ब्लॉकच्या फटीत पुढचं चाक आडवं होऊन अडकतं, मग पुढची चाकं उचलून मागच्या दोन चाकांवर उलटी ओढत न्यायची ही बाबांची आयडिया, पूर्वी पाण्याचे ड्रम असेच ओढायचो म्हणाले. मी आधी दचकलो, पण पट्टा लावलेला असतो आणि हळूच नेतात. उतारावर मनगटात अडकवायची पट्टी मी रेडिंगला कधी वापरली नव्हती, इथे पहिल्या दिवशी बाबांनी ती बघून विचारलं हे काय, आणि तेव्हापासून ती घातल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. दोन मजले खाली आधी रिकामी गाडी जाते, मग ते परत वर येतात, मग बाळ. गुडघे दुखतात का विचारलं तर म्हणतात जिना मुळात चढायलाच असतो.

"आम्ही काय मेलोय का उचलायला" वाले बाबा आता सकाळी आठला गाडी, दुपटं, मच्छरदाणी, टोपडं, सगळं घेऊन दारात तयार असतात. गेल्या बुधवारी गंगेवरच्या बाजारातून दोघं परत आले तर मुलगी बाबांच्या कडेवर, आणि गाडीत मेथीच्या दोन जुड्या, एक फ्लॉवर आणि दोन किलो मटार, मटारला पाचही पट्टे लावलेले. मी म्हटलं हे काय? म्हणाले, "हँडलला अडकवायचं नाही ना, तूच सांगितलंस."

आता अडचण अशी आहे की गाडी परत न्यायची नाही असं इथे ठरलंय. पुढच्या वर्षी परत लागेलच, कशाला ने-आण, असं म्हणून बाबांनी खालच्या वॉचमनला तिची जागा पण दाखवून ठेवलीये. आम्ही २७ फेब्रुवारीला रेडिंगला पोचतोय. कुणाकडे वापरलेली, पाठ सपाट होणारी गाडी पडून आहे का? अंगठ्याची असली तरी चालेल. लाल असेल तर आईला फोटो पाठवेन.